बिल्ड फुटलं? ‘रीरन’ मारायच्या आधी एवढं करा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. ऐरोलीतलं ऑफिस, संध्याकाळचे सहा, बाहेर असा पाऊस की समोरची इमारत दिसेना. गाड्या बंद पडायच्या आत निघावं म्हणून अर्धी टीम बॅगा भरून बसलेली, आणि ग्रुपवर मेसेज आला : मेन ब्रँच लाल. म्हणजे सगळ्यांचा कोड एकत्र येतो त्या मुख्य शाखेचं बिल्ड (कोड आपोआप जुळवून, तपासून प्रोग्राम तयार करण्याचं काम) फुटलं. आमच्यातला सगळ्यात नवा मुलगा म्हणाला, "दादा, मी काहीच नाही केलं. रीरन मारतो, होईल." त्याने चार वेळा रीरन मारला, म्हणजे तेच बिल्ड जसंच्या तसं पुन्हा चालवलं. एका बिल्डला १८ मिनिटं, म्हणजे ७२ मिनिटं गेली आणि गाड्याही गेल्या. मग लॉग, म्हणजे बिल्डची ओळीओळीने होणारी नोंद, उघडला. ओळ समोरच होती : पॅकेज-जेसन (हव्या त्या लायब्रऱ्यांची यादी) आणि लॉकफाइल (त्यांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) एकमेकांशी जुळत नाहीत. त्याने एक लायब्ररी टाकली होती आणि लॉकफाइल कमिट करायची, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये नोंदवायची, राहिली होती. लॅपटॉपवर तो ‘एनपीएम इन्स्टॉल’ मारायचा (एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टच्या लायब्रऱ्या आणणारं टूल), जे लॉकफाइल गुपचूप दुरुस्त करून पुढे जातं. पाइपलाइनमध्ये, म्हणजे बिल्डच्या पायऱ्या आपोआप चालतात तिथे, ‘एनपीएम सीआय’ होतं, जे अशा वेळी सरळ नकार देतं आणि ते योग्यच करतं. चाळीस रीरन मारले असते तरी त्या नकाराचा होकार झाला नसता.

फुटलेल्या बिल्डचा गुन्हेगार तिघांतला एक असतो : आपला कोड, बिल्ड जिथे चालतं ते मशीन, नाहीतर बाहेरचं जग. यातला कोण, हे शोधण्यातच सगळा वेळ जातो. दुरुस्ती बहुतेक वेळा दोन ओळींची असते. म्हणून खालच्या पायऱ्या दुरुस्तीच्या कमी आणि संशयित कमी करत नेण्याच्या जास्त आहेत.

आधी पंचनामा

काहीही बदलायच्या आधी पाच गोष्टी टिपून ठेवा : कुठलं कमिट, कुठली ब्रँच, पाइपलाइनची कुठली पायरी, कुठल्या रनरवर (बिल्ड चालवणाऱ्या मशीनवर) चाललं आणि याआधीचं शेवटचं हिरवं बिल्ड कुठलं. लॉग डाउनलोड करून ठेवा. कंटेनरमधलं (तात्पुरत्या, बंदिस्त वातावरणातलं) बिल्ड संपलं की कंटेनर जातो आणि त्याच्यासोबत पुरावाही. जेन्किन्सवर (बिल्ड चालवणारं एक टूल) जुनी बिल्ड आपोआप पुसण्याची सेटिंग असेल, तर दोन दिवसांनी तो लॉगही मिळणार नाही.

ग्रुपवर ‘मी बघतोय’ एवढं टाका. नाहीतर तिघं जण तीन ठिकाणी तोच लॉग वाचत बसतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे तिघंही दुसरा कुणीतरी बघतोय असं समजून चहाला जातात.

रीरन अगदी मारूच नये असं नाही. लॉग हाताशी ठेवून एकदा मारा. तो प्रयोग आहे : त्याच कमिटवर दुसऱ्यांदा हिरवं झालं, तर प्रश्न वेगळ्या जातीचा आहे हे कळतं. त्या जातीबद्दल पुढे बोलू.

लॉग वाचताना : पहिला एरर धरा

बहुतेक जण लॉग उघडतात, थेट तळाला जातात आणि शेवटची लाल ओळ गूगलवर टाकतात. तिथे ‘बिल्ड फेल्ड’ किंवा ‘प्रोसेस कम्प्लीटेड विथ एक्झिट कोड १’ असतं, म्हणजे काहीच नसतं. डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहून गाडी २० मिनिटं उशिरा आहे एवढंच कळतं. सिग्नल कुर्ल्याला बिघडलेला असतो. लॉगचंही तेच. पहिला एरर होतो, मग त्याच्यावर अवलंबून असलेले पन्नास एरर ओळीने येतात. वरून खाली ‘एरर’, ‘फेटल’, ‘फेल्ड’ हे शब्द शोधत या आणि पहिल्या खऱ्या अडखळीवर थांबा.

यात एक उलटा नियम आहे, तो लक्षात ठेवा. जावाच्या स्टॅक ट्रेसमध्ये (एरर कुठून कुठे आला त्या यादीत) मूळ कारण खाली असतं. ‘कॉज्ड बाय’च्या जितक्या ओळी असतील त्यांतली शेवटची वाचा. म्हणजे लॉगमध्ये पहिला एरर, आणि त्या एररच्या आत शेवटचं ‘कॉज्ड बाय’. हे कळायला मला दोन वर्षं लागली.

बिल्ड समांतर चालत असेल, तर ओळी एकमेकींत मिसळतात आणि पहिला एरर पहिला दिसतच नाही. ‘मेक’ असेल तर जॉब्सची संख्या १ करून चालवा. डॉकरचं (कंटेनर बनवणारं टूल) नवं बिल्डर आउटपुट गुंडाळून दाखवतं. त्याला प्रोग्रेस ‘प्लेन’ करा म्हणजे सगळं उलगडतं. गिटहब ॲक्शन्सवर (गिटहबची पाइपलाइन सेवा) सिक्रेट्स किंवा व्हेरिएबल्समध्ये ‘ॲक्शन्स स्टेप डीबग’ ट्रू केलं की प्रत्येक पायरी जास्त बोलकी होते. शब्दांच्या मधे अंडरस्कोअर घालून, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहायचं एवढं सांभाळा.

एक्झिट कोड काहीतरी सांगतो

लॉग मुका असला तरी प्रोसेस मरताना एक आकडा मागे ठेवून जाते. १ म्हणजे ‘काहीतरी बिघडलं’, त्याच्याकडून फारशी अपेक्षा नको. १२७ म्हणजे कमांड सापडलीच नाही : टूल इन्स्टॉल नाही किंवा पाथ चुकलाय. १२६ म्हणजे फाइल सापडली पण चालवायची परवानगी नाही. विंडोजवर बनवलेली शेल स्क्रिप्ट कमिट केली की हे हमखास होतं, कारण एक्झिक्युटेबल बिट गेलेलाच नसतो. ‘गिट अपडेट-इंडेक्स’ला सीएचमॉडचा पर्याय देऊन तो बिट गिटमध्येच लावा. पाइपलाइनमध्ये दर वेळी परवानगी बदलणारी ओळ घालणं ही मलमपट्टी आहे.

१२८ च्या वरचे आकडे वजाबाकी करून वाचायचे. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, कुणीतरी प्रोसेसला सिग्नल ९ देऊन ठार केलं. जवळपास नेहमी हा ‘कुणीतरी’ म्हणजे मेमरी संपल्यावर जागा झालेला लिनक्स कर्नल. खूण ओळखायला सोपी : लॉग मध्येच, वाक्य अर्धवट सोडल्यासारखा थांबतो, एरर कुठेच नाही. कंटेनरला २ जीबीची मर्यादा आणि जावाची हीपही (प्रोग्रामच्या डेटासाठीची मेमरी) २ जीबी, असं गणित मी किती ठिकाणी पाहिलंय. हीपशिवाय जावाला मेटास्पेस लागतं, थ्रेड्सना जागा लागते; शिवाय ग्रेडल (जावाचं बिल्ड टूल) स्वतःचा एक डीमन, म्हणजे मागे चालत राहणारी प्रोसेस, आणि टेस्टसाठी वेगळी प्रोसेस उठवतं. आधी समांतर वर्कर कमी करून बघा, मग मोठं मशीन मागा.

१४३ म्हणजे १२८ अधिक १५ : सभ्यपणे थांबायला सांगितलं गेलं. टाइमआउट झाला, नाहीतर कुणीतरी कॅन्सल दाबलं. १३९ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट. तिथे संशय नेटिव्ह लायब्ररीवर घ्या.

आणि ० चंही ऐका, कारण शून्य खोटं बोलू शकतं. टेस्टचं आउटपुट पाइपने ‘टी’ कमांडला देऊन फाइलमध्ये साठवलं, तर शेलला एक्झिट कोड मिळतो तो ‘टी’चा. टेस्ट पडली तरी बिल्ड हिरवं. उपाय ‘पाइपफेल’ लावणं, म्हणजे साखळीतली एक कमांड पडली तरी अख्खी साखळी पडली असं धरणं. गिटहब ॲक्शन्समध्ये शेल बॅश असं स्पष्ट लिहिलं तर तो लागू होतो, काहीच न लिहिता सोडलं तर होत नाही. हा बारकावा आमच्याकडे तीन आठवडे हिरव्या रंगाखाली झाकून राहिला होता.

सगळ्यात कामाची पायरी : शेवटचं हिरवं कमिट पुन्हा चालवा

घाईत असाल तर बाकीचा लेख सोडा, पण ही पायरी करा. कालपर्यंत हिरवं असलेलं जुनं कमिट आज, जसंच्या तसं, पुन्हा बिल्ड करा.

ते आजही हिरवं झालं, तर दोष मधल्या कमिटांत आहे. मधे पाच-सहा कमिट असतील तर डोळ्यांनी बघा. जास्त असतील तर ‘गिट बायसेक्ट’ वापरा, तो दर फेरीत निम्मे कमिट वगळतो : ६४ कमिटांत दोषी सापडायला सहा फेऱ्या पुरतात. ‘बायसेक्ट रन’ला एक छोटी स्क्रिप्ट दिली की तो स्वतःच फेऱ्या मारतो. एखादं कमिट वेगळ्याच कारणाने बिल्ड होत नसेल, तर स्क्रिप्टने १२५ परत द्यावा, म्हणजे ते कमिट वगळलं जातं.

पण कालचं हिरवं कमिट आज लाल झालं, तर कोडकडे बघणं थांबवा. कोड तोच आहे, जग बदललंय. हे वाटतं त्याहून जास्त वेळा घडतं. मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरून ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं. अवघ्या ११ ओळींचा कोड, पण त्यावर उभी असलेली बिल्ड जगभर कोसळली. १५ जानेवारी २०२० पासून मेव्हन सेंट्रलने (जावा लायब्रऱ्यांचं भांडार) साधं एचटीटीपी बंद केलं, आणि जुन्या पॉम फाइलमधला पत्ता एचटीटीपीएस न केलेल्यांना ५०१ मिळू लागला. ३० सप्टेंबर २०२१ ला वेबसाइटना सुरक्षा सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं एक जुनं रूट सर्टिफिकेट संपलं. जुनं ओपनएसएसएल असलेल्या इमेजांवर (कंटेनर ज्यांपासून बनतो त्या साच्यांवर) त्या दिवसापासून डाउनलोड फसायला लागली. तिन्ही वेळा कुणाच्याही रेपोमध्ये एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

मग बाहेरचं काय बदललं ते शोधायचं कसं? दोन्ही लॉग शेजारी ठेवा, हिरवा आणि लाल, आणि तारखा-वेळा काढून टाकून डिफ घ्या. नोडची आवृत्ती, बेस इमेजचा डायजेस्ट, डाउनलोड झालेल्या पॅकेजांचे आकडे यांतला फरक तिथेच दिसतो. ‘लेटेस्ट’ असं लिहिलेली प्रत्येक गोष्ट संशयित धरा. ‘उबंटू-लेटेस्ट’ हे लेबल गिटहबवर डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात २२.०४ वरून २४.०४ वर सरकलं, आणि रनरवर आयतं मिळणारं एखादं टूल गृहीत धरलेल्यांची पंचाईत झाली. आवृत्त्या बांधून ठेवा, लॉकफाइल कमिट करा.

एक खास ऑफिसची अडचण. डॉकर हबने (इमेजांचं सार्वजनिक भांडार) नोव्हेंबर २०२० पासून इमेज ओढण्यावर मर्यादा घातली, आणि लॉगिन न करणाऱ्यांची मोजदाद आयपी पत्त्यावरून होते. अख्खं ऑफिस एकाच पब्लिक आयपीमागे असेल, तर शेजारच्या टीमने सकाळी केलेल्या उचापतींची शिक्षा दुपारी तुमच्या बिल्डला होते. लॉगमध्ये ४२९ किंवा ‘टू मेनी रिक्वेस्ट्स’ दिसलं की लॉगिन करून ओढा, नाहीतर आतला मिरर (ऑफिसातच ठेवलेली प्रत) लावा.

‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतं’

चालत असेलच. लॅपटॉप आणि रनर ही दोन वेगळी घरं आहेत, एवढंच त्या वाक्यातून सिद्ध होतं. पहिली चाचणी सोपी : रिकाम्या फोल्डरमध्ये नवा क्लोन घ्या आणि पाइपलाइन वापरते त्याच इमेजच्या कंटेनरमध्ये बिल्ड करा. निम्म्या वेळा इथेच उलगडा होतो, कारण गिटइग्नोरमुळे (गिटने वगळायच्या फाइलींची यादी) न गेलेली एखादी फाइल तुमच्या जुन्या फोल्डरमध्ये आरामात बसलेली असते.

फाइलनावातलं लहान-मोठं अक्षर मॅक आणि विंडोज सहसा मानत नाहीत, लिनक्स मानतं. इम्पोर्टमध्ये ‘हेडर’चा एच मोठा आणि फाइलच्या नावात छोटा, की रनरवर ‘मॉड्यूल सापडलं नाही’. शेल स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीबद्दल ‘बॅड इंटरप्रिटर’ आणि शेवटी टोपी घातलेला एम दिसला, तर ती विंडोजची ओळ-समाप्ती. गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये शेल स्क्रिप्टसाठी एलएफ सक्तीचं करा. आवृत्ती क्रमांक गिटच्या टॅगवरून काढत असाल आणि टॅग सापडत नसेल, तर रनरने फक्त शेवटचं एकच कमिट आणलेलं असतं. चेकआउटची खोली ० करा म्हणजे पूर्ण इतिहास येतो.

आता वेळेचा घोळ. यावर मी एक आख्खी रात्र घालवली आहे, म्हणून जरा सविस्तर.

आमचं एक बिल्ड रात्री फुटायचं आणि सकाळी बरं व्हायचं. रिलीज रात्री एकला असायचे, त्यामुळे फुटायचं ते नेमकं तेव्हा. कुणी म्हणायचं रात्री सर्व्हर मंद असतो, कुणी म्हणायचं बॅकअप चालू असतो. शेवटी मी तीन महिन्यांच्या लाल बिल्डच्या वेळा एका कागदावर उतरवल्या. सगळ्या रात्री बारा ते पहाटे साडेपाच यांच्या मधल्या. साडेपाच हा आकडा बघितला आणि डोक्यात उजेड पडला : आपली वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे आहे.

कोड बिलाची तारीख भारतीय वेळेने काढायचा. टेस्ट मात्र ‘आज’ची तारीख मशीनला विचारायची, आणि रनर यूटीसीवर होता. रात्री एकला इथे नवा दिवस लागलेला, यूटीसीत अजून कालच्याच संध्याकाळचे साडेसात. बिल आजचं, टेस्टच्या मते आज म्हणजे काल. लॅपटॉपवर दोन्ही तारखा भारतीय, त्यामुळे तिथे कधीच फुटलं नाही. आणि लॅपटॉपचा टाइमझोन यूटीसी करून सकाळी दहाला चालवलं तरी पास! घड्याळच रात्री एकवर गोठवल्यावर पहिल्यांदा माझ्या टेबलावर लाल दिसलं. दुरुस्ती एका ओळीची होती : टेस्टमध्ये घड्याळ बाहेरून द्यायचं.

टाइमझोनच्या यादीत मुंबई शोधू नका, ती नाही, आपण ‘आशिया/कोलकाता’. यावरून उलटा प्रकारही होतो, रनर हिरवा आणि लॅपटॉप लाल. विंडोजवरची जावा कधी कधी डेटाबेसला जुनं नाव ‘आशिया/कलकत्ता’ पाठवते, आणि नव्या डेबियन लिनक्सवर बांधलेली पोस्टग्रेस डेटाबेसची इमेज ते ओळखत नाही; जुनी नावं तिथे वेगळ्या पॅकेजमध्ये गेली आहेत. ‘इनव्हॅलिड व्हॅल्यू फॉर पॅरामीटर टाइमझोन’ असा एरर येतो. जावाचा यूझर-टाइमझोन कोलकाता किंवा यूटीसी करा, मिटलं.

कॅश, डिस्क आणि टेबलाखालचं मशीन

कॅशवर (आधीच्या बिल्डमधून जपून ठेवलेल्या फाइलींवर) संशय असेल तर ती एकदा पुसून चालवा. हिरवं झालं तर थांबू नका. कॅशची किल्ली लॉकफाइलच्या हॅशवरून बनते का ते बघा, नाहीतर आठवड्याने हेच. डॉकरमध्ये ‘ॲप्ट-गेट अपडेट’ वेगळ्या रन ओळीत असेल, तर तो थर जुना राहतो आणि खालचं इन्स्टॉल ४०४ देतं. दोन्ही एकाच ओळीत जोडा.

‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ आलं आणि डिस्क तर अर्धी रिकामी, असं दिसलं तर आयनोड (डिस्कवरच्या फाइलींच्या नोंदींच्या जागा) तपासा. नोड-मॉड्यूल्सच्या लाखो छोट्या फाइलींनी ते संपतात. बिल्ड सुरूच होत नसेल, नुसतं ‘रनरची वाट बघतोय’ म्हणत असेल, तर ऑफिसात टेबलाखाली ठेवलेल्या त्या मशीनकडे एकदा चालत जा. जुलैत वीज गेली, यूपीएस संपला, वीज आली आणि रनरची सेवा काही आपोआप उठली नाही, हे आम्ही ऑनलाइन दोन तास शोधत होतो.

सिक्रेट्सचं (पासवर्ड, टोकन वगैरेंचं) थोडक्यात : टोकनची मुदत संपली का बघा; आणि फोर्कवरून (रेपोच्या दुसऱ्या कुणाच्या प्रतीवरून) आलेल्या पुल रिक्वेस्टला गिटहब सिक्रेट्स देतच नाही, तो बिघाड नाही. तपासायला म्हणून टोकन उलटंसुलटं करून लॉगमध्ये छापू नका. लॉगमधली गुपितं झाकणाऱ्या मास्किंगला ते ओळखता येत नाही आणि उद्या नवं टोकन काढत बसावं लागतं.

कधी लाल, कधी हिरवी

त्याच कमिटवर रीरन मारला आणि हिरवं झालं, तर ती लहरी टेस्ट. अशा टेस्टला पाइपलाइनमध्येच ‘तीन वेळा आपोआप रीट्राय’ लावून देणारे मला अजिबात पटत नाहीत. त्याने बिल्ड हिरवं होतं, पण कधीतरी त्या लहरीमागे खरी रेस कंडिशन (दोन कामांपैकी आधी कुठलं संपेल याची शर्यत) असते आणि ती ग्राहकाकडे जाते.

ती एकच टेस्ट ५० वेळा लूपमध्ये चालवा. एकटी कधीच पडत नसेल, तर दुसऱ्या टेस्टने मागे ठेवलेला कचरा तिला नडतोय. क्रम रँडम करा आणि पडलेल्या वेळचा सीड (क्रम ठरवणारा आकडा) जपून ठेवा, म्हणजे तोच क्रम परत मिळेल. एकटीही पडत असेल तर आत ‘स्लीप’ शोधा. दोन सेकंद थांबून पुढे जाणारी टेस्ट वेगवान लॅपटॉपवर पास होते, दोन कोअरच्या रनरवर नाही. ठरावीक वेळ थांबण्याऐवजी अट पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगा. ठरलेला पोर्ट वापरत असेल तर पोर्ट ० द्या, सिस्टिम मोकळा पोर्ट शोधून देते. लगेच जमणार नसेल तर टेस्ट बाजूला काढा, पण तिच्यावर एक नाव आणि तारीख लिहून.

दुरुस्त करायचं की मागे घ्यायचं?

मेन ब्रँच लाल असेल आणि अर्ध्या तासात कारण कळलं नसेल, तर कमिट मागे घ्या. यात कमीपणा नाही. बाकीचे दहा जण अडकलेत, आणि तुम्हाला शांतपणे विचार करायला वेगळी ब्रँच आहेच. मर्ज कमिट मागे घेताना गिट विचारतं की कुठली बाजू मुख्य; बहुतेक वेळा पर्याय ‘एम १’. पुढे तीच ब्रँच पुन्हा मर्ज करताना आधी तो रिव्हर्ट (मागे घेणारं कमिट) स्वतःच रिव्हर्ट करावा लागतो, नाहीतर मर्ज झालेलं दिसतं आणि बदल मात्र गायब. शुक्रवारी संध्याकाळी तर अर्ध्या तासाचीही वाट बघू नका.

दुरुस्ती झाली की कमिट मेसेजमध्ये ‘बिल्ड फिक्स’ एवढंच लिहू नका. लॉगमधली मूळ एररची ओळ जशीच्या तशी चिकटवा आणि खाली कारण लिहा. आमच्या त्या रात्रीच्या कमिटमध्ये एररच्या ओळीखाली असं लिहिलंय : ‘बिलाच्या तारखेची टेस्ट रात्री १२ ते ५:३० मध्ये पडते. कोड भारतीय वेळेने, टेस्ट मशीनच्या वेळेने. घड्याळ आता बाहेरून दिलंय.’ गेल्या महिन्यात दुसऱ्या टीममधल्या एकीने एररची ओळ रेपोमध्ये शोधली आणि तिला हे सापडलं. तिच्याकडे बिल नव्हतं, हजेरीचा रिपोर्ट होता.